फोन कुणाचा, वाट कुणाची?

(गिरगावात भरलेल्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. 'तंबूतला मुक्काम, चाकांवरचं घर आणि मोबाईलमधली अ‍ॅप्स'. मारहाण, पोटगी, रेशन, घरावरचा हक्क हे आपले नेहमीचे विषय. त्यात हे सहलीचं खूळ कुठून आलं? चहाच्या वेळी एका ज्येष्ठ ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, हे पैसेवाल्यांचं नव्हे का?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं: बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी तुम्हाला एकटीनं जाऊ देतात का? देशभरात शंभरातल्या ४२ जणींनी 'हो' म्हटलं. त्याच सर्वेक्षणात, स्वतःला वापरता येतो असा मोबाईल शंभरातल्या सुमारे ५४ जणींकडे होता. बाकीच्यांच्या घरात फोन असेलही, पण तो नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा.

'जाऊ देतात का' या शब्दांकडे नीट बघा. पुरुषांना असा प्रश्न कुणी विचारत नाही. बाईचं जाणं ही परवानगीची बाब आहे आणि फोनही परवानगीचीच बाब आहे. म्हणून जाणं आणि फोन या दोन गोष्टी एकत्र घेऊन आज बोलायचं आहे. सहल हे निमित्त आहे. पण सहलही काही क्षुल्लक नाही. कामाशिवाय, कारणाशिवाय, नुसतं बरं वाटावं म्हणून बाईनं बाहेर पडणं, हा हक्क मागायला आपण फार उशीर केला आहे.

या गिरगावाला तर बाईच्या जाण्याचा मोठा इतिहास आहे. इथल्याच रखमाबाईंना १८८७ साली कोर्टानं सांगितलं की नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८९ साली त्या वैद्यकी शिकायला विलायतेला गेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इथून हाकेच्या अंतरावर, चौपाटीजवळ, पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं आणि त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेचं प्रवासवृत्तही प्रसिद्ध झालं. कुठे जायचं आणि कुठे जायचं नाही हे बाईनं स्वतः ठरवणं, हे आपल्या चळवळीचं अगदी पहिलं पाऊल आहे.

नऊजणी आणि एक ठिपका

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी आम्ही नऊजणी भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. पहिला पाऊस यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे तिथल्या झाडांवर काजव्यांची दाटी होते. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीवरून जीप, आणि रात्री तंबूत मुक्काम. आमच्यात एक मावशी होत्या. साठीच्या. मुगभाटात राहतात, घरोघरी पोळ्या करतात. आयुष्यात घराबाहेर रात्र काढली ती तीनच कारणांनी, असं त्या सांगत: बाळंतपण, मयत आणि देवदर्शन. चौथं कारण त्यांना साठाव्या वर्षी मिळालं.

निघायच्या आदल्या रात्री मुलानं त्यांच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. आई कुठे आहे ते त्याला त्याच्या फोनवर ठिपक्याच्या रूपात सतत दिसेल. "आई, तुझ्याच सुरक्षिततेसाठी." मावशींना कौतुकच वाटलं. मुलगा वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. आईवर जीव असलेला मुलगा आहे.

घोटी सोडली आणि काही वेळानं फोनची रेंज गेली. डोंगरात ती जातेच. मुलाच्या फोनवर ठिपका घोटीजवळ थांबला, तो हलेना. एक तास, दोन तास. गाडी दरीत गेली की काय? त्यानं माझा फोन लावला, लागला नाही. बाकीच्यांचे लावले, लागले नाहीत. मग आमच्या सगळ्यांच्या घरी फोन केले. बघता बघता नऊ घरांत रडारड. रात्री दहाच्या सुमारास तंबूवाल्याच्या फोनवर निरोप पोचला आणि मावशींना कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसवून रेंज असलेल्या वळणावर न्यावं लागलं. तिथे मुलाचं रागावणं, नवऱ्याचं ओरडणं. परत आल्या त्या तंबूबाहेर बसून राहिल्या, हातात फोन धरून. समोरचं झाड काजव्यांनी लखलखत होतं आणि आमची मावशी फोनच्या काचेकडे बघत होती. सकाळी पहिल्या जीपनं त्या परतल्या. पुढचं दीड वर्ष त्या कुठे आल्या नाहीत. "पुरे झालं बाई," एवढंच म्हणायच्या.

त्या रात्री चूक कुणाची होती, यावर आम्ही गटात खूप बोललो. मुलाची? अ‍ॅपची? की आमची, कारण आम्ही आधी घरी काहीच समजावून सांगितलं नव्हतं? हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. तीच सोय वेगळ्या रीतीनं वापरली असती तर मावशींचा प्रवास सोपा झाला असता. अ‍ॅप स्वतः चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं. त्याची किल्ली कुणाच्या हातात आहे, त्यावर ते पायाला बळ देतं किंवा पायाला दोरी बांधतं.

चाकांवरचं घर आणि त्यातला ओटा

अ‍ॅप्सकडे वळण्याआधी चाकांवरच्या घराबद्दल थोडं बोलते, कारण ते आता आपल्याकडेही आलं आहे. मोठ्या गाडीत झोपायची जागा, छोटं स्वयंपाकघर, संडास. तिला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ही गाडी मुक्कामाला उभी करण्यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागा व्हाव्यात, अशी त्यात कल्पना आहे. अमेरिका-युरोपात हे फार जुनं आहे. तिथे रात्री गाडी कुठे लावावी, पाणी कुठे भरावं, घाण पाणी कुठे सोडावं हे दाखवणारी खास अ‍ॅप्स आहेत. आयओव्हरलँडर, पार्कफोरनाइट अशी त्यांची नावं. ती चालतात प्रवाशांच्याच भरवशावर. आधी जाऊन आलेले लोक माहिती भरतात, पुढचे वापरतात. आपल्या भागातली माहिती त्यात विरळ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

चाळीत वाढलेल्या बाईला कॅराव्हॅनचं काय कौतुक सांगायचं? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, भिंतीला लावलेला घडीचा पाट, पलंगाखाली पिंप, मोरीवर पडदा. एवढ्याशा जागेत सगळा संसार बसवण्याची विद्या आपल्या आज्यांनी चाकं न लावताच साध्य केली होती. पण मला वेगळंच विचारायचं आहे. त्या गाडीतल्या स्वयंपाकघरात उभं कोण राहणार? नवरा गाडी चालवणार, मुलं खिडकीतून डोंगर बघणार आणि बाई तिथेही कुकरच्या शिट्ट्या मोजणार, तर तो प्रवास नव्हे. तो नुसता ओट्याचा प्रवास झाला. आमच्या गटाचा नियम साधा आहे: मुक्कामाला गेलेल्या बाईनं पहिल्या दिवशी गॅस पेटवायचा नाही. जेवण गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून सांगायचं आणि त्याचे रास्त पैसे द्यायचे.

आणि चाकांवरचं घर प्रत्येकाला हौसेनंच मिळतं असं नाही. जेसिका ब्रुडर या अमेरिकी पत्रकार बाईनं २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, पुढे त्यावर सिनेमाही निघाला. मंदीत घर परवडेनासं झाल्यावर गाडीत राहून हंगामी मजुरी करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ती हकिकत आहे. त्यात एकट्या बाया पुष्कळ. तेव्हा मोकळेपणाच्या गप्पा मारताना परतायला घर असणं हीसुद्धा किती मोठी गोष्ट आहे, हे आपण विसरायचं नाही. गिरगावकरणींना तर ते सांगायलाच नको. पुनर्विकासात आणि भुयारी मेट्रोच्या कामात इथल्या किती घरांचे पत्ते बदलले, ते तुम्ही पाहिलंच आहे.

निघायच्या आधी

आता कामाच्या गोष्टी. वह्या काढल्यात तर बरं.

पहिलं काम अ‍ॅपचं नाही, कागदाचं आहे. कुठे जाणार, कोणत्या गाडीनं, मुक्काम कुठे, तिथल्या माणसाचा फोन नंबर, आणि सर्वांत महत्त्वाचं, रेंज कुठून कुठपर्यंत नसेल. "संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ फोन लागणार नाही, काळजी करू नये. सकाळी दहापर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर करावा." एवढं लिहून भिंतीवर चिकटवायचं. जगभर डोंगरात जाणारी माणसं हेच करतात. त्या रात्री हा कागद नसल्यामुळे नऊ घरांत रडारड झाली.

दुसरं, गाड्यांची माहिती. लोकलसाठी एम-इंडिकेटर आपल्या बहुतेकजणींकडे आहे. मुंबईतच तयार झालेलं हे अ‍ॅप २०१० पासून चालू आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे वेळापत्रक बघायला इंटरनेट लागत नाही. फक्त निघायच्या आधी ते ताजं करून घ्यायचं. रेल्वेनं जुलै २०२५ मध्ये 'रेलवन' नावाचं अ‍ॅप आणलं. त्यावर तिकीट, चौकशी आणि तक्रार एकाच ठिकाणी होते. एसटीचं आरक्षणही फोनवरून होतं, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. एकट्या या निर्णयानं किती बायका माहेरी आणि मैत्रिणींकडे जाऊ लागल्या, ते कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहून बघा. बाई 'जात नाही' यामागे किती वेळा नुसते पैसे असतात, हे त्यातून कळलं.

तिसरं, नकाशा. गूगल मॅप्समध्ये आपल्याला हवा तो भाग घरी वाय-फायवर उतरवून ठेवता येतो. मग इंटरनेट नसतानाही गाडीचा रस्ता दिसतो. पण एक मर्यादा माहीत हवी: इंटरनेट नसताना ते पायी चालायची वाट सांगत नाही. म्हणून पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांसारखं अ‍ॅप जोडीला ठेवावं. ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या मोफत, सर्वांच्या मालकीच्या नकाशावर चालतात. पायवाटा, पाण्याच्या टाक्या, देवळं अशा कितीतरी खुणा त्यात असतात.

इथे खूपजणींचा एक गैरसमज असतो, तो दूर करते. रेंज गेली की फोनला आपण कुठे आहोत ते कळत नाही, असं वाटतं. तसं नाही. जागा कळते ती आकाशातल्या उपग्रहांकडून, टॉवर नसला तरी. नकाशा आधी उतरवलेला असेल तर डोंगरात, रेंज नसताना, फोन विमान-मोडवर ठेवूनही आपला ठिपका आपल्याला दिसतो. तो दुसऱ्याला पाठवता मात्र येत नाही, कारण पाठवायला रेंज लागते. त्या रात्री मावशींचा ठिपका हरवला तो मुलासाठी. मावशी स्वतः हरवल्या नव्हत्या. विमान-मोडचा आणखी एक फायदा आहे. रेंज शोधत राहिल्यानं फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते, ती वाचते. सोबत एक चार्जिंगचा पॉवर बँक आणि एक साधी विजेरी हवीच. फोनची विजेरी ही विजेरी समजू नका.

आभाळ आणि अंधार

हवामान खात्याचं 'मौसम' हे अ‍ॅप आहे, त्यावर जिल्ह्यानुसार इशारे मिळतात. त्याहून महत्त्वाचं 'दामिनी'. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते केलं आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सूचना देतं. मे-जूनमध्ये, आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर ढग चढतात. तेव्हा माळावरचा एकटा तंबू किंवा एकटं झाड ही सर्वांत वाईट जागा. सूचना आली तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, तंबूत थांबायचं नाही. अर्थात, इशारा यायलाही रेंज लागते. म्हणून रेंजबाहेर जाताना सकाळीच बघून घ्यायचं आणि पुढे गावातल्या माणसांचं ऐकायचं. आभाळ बघून पाऊस सांगणाऱ्या आदिवासी बाया कुठल्याही अ‍ॅपच्या आधी बोलतात.

आता धोक्याच्या वेळेचं. ११२ हा एकच नंबर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ आणि रेल्वेत १३९. हे चार आकडे पाठ असू द्या, फोन हातातून गेला तरी दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतील. दिल्लीच्या घटनेनंतर बायकांच्या सुरक्षिततेची जी मागणी उठली, तिच्यातून सरकारनं २०१६ साली नियम केला आणि २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटाचं बटण सक्तीचं झालं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा, काही फोनवर पाचदा दाबायचं. आपल्या फोनवर नेमकं किती वेळा, आणि कुणाला फोन जातो, ते सेटिंगमध्ये आजच बघून घ्या. किती बायकांना हे बटण आपल्या फोनमध्ये आहे हेच माहीत नसतं! '११२ इंडिया' नावाचं अ‍ॅपही आहे, त्यात बायका-मुलांसाठी जवळपासच्या स्वयंसेवकांना हाक देण्याची सोय आहे.

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघायचा. जवळ दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर असेल तर हा फोन त्यावरून जाऊ शकतो. पण कुठलाच टॉवर नसेल तर जगातलं कुठलंही अ‍ॅप कामाचं नाही. तेव्हा उपयोगी पडते शेजारच्या तंबूतली बाई. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम ओळख करून घ्यायची. तंबूवाल्याच्या घरातली बाई कोण, गावची आशाताई कोण, रेंज कुठल्या वळणावर मिळते, हे उजेड असताना विचारून ठेवायचं.

दोरी कशी सोडवायची

आता मी मूळ मुद्द्यावर येते. मावशींच्या प्रकरणानंतर आम्ही गटात सगळ्यांचे फोन पुढ्यात घेऊन बसलो. जे निघालं ते ऐका. निम्म्याहून जास्त फोनमध्ये गूगलचं खातं बाईनं उघडलेलं नव्हतं. मुलानं, भाच्यानं किंवा नवऱ्यानं उघडून दिलं होतं, पासवर्डही त्यांच्याकडेच. दोघींच्या फोनमध्ये तर नवऱ्याचंच खातं होतं. म्हणजे फोन हिच्या पर्समध्ये, पण ही कुठे गेली, काय शोधलं, कुणाचे फोटो काढले, ते तिकडे दुसऱ्या फोनवर बघता येण्याजोगं. घरात मारहाण सोसणारी बाई अशा फोनवरून आपल्या केंद्रावर आली, तर ती आली हे घरी आधीच कळलेलं असू शकतं. हे तुम्हा कार्यकर्त्यांना फार गंभीरपणे सांगते आहे. मदत मागायला आलेल्या बाईला पहिल्या भेटीत फोनबद्दल विचारा. पण एक सावधगिरी ठेवा: ठिपका एकदम बंद केला तर घरी संशय येऊन मार वाढू शकतो. अशा वेळी फोन घरीच ठेवून येणं, शेजारणीच्या फोनवरून बोलणं, हे मार्ग आधी सुचवा. बंद करायचं की नाही आणि केव्हा, हे ती बाई ठरवेल.

बाकीच्या आपण सगळ्यांनी चार गोष्टी करायच्या. एक, स्वतःचं खातं स्वतः उघडायचं, पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा. दोन, गूगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' उघडून आपला ठिपका कुणाकुणाला दिसतो ती यादी बघायची. तीन, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठली अ‍ॅप्स आपली जागा बघतात ते तपासायचं आणि 'वापरत असतानाच' एवढीच परवानगी द्यायची. विजेरीच्या अ‍ॅपला तुमचा पत्ता कशाला हवा? चार, प्रवासात ठिपका दाखवायचा तर मुदत घालून दाखवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास अशी निवड असते. आणि तो मैत्रिणीला दाखवायचा, किंवा ज्याला आपण निवडू त्याला. मुदत संपली की दिसणं बंद.

"घरच्यांपासून लपवायचं का?" असं कुणी विचारेल. लपवायचं नाही, सांगायचं. 'मी इथे जाते आहे' असं आपण सांगणं वेगळं आणि आपल्यावर कुणी पाळत ठेवणं वेगळं. मुलानं आईला विचारावं, "पोचलीस का?" तेवढीच आईनंही मुलाला विचारावं. दोन्हीकडून ठिपका दिसत असेल तर ती काळजी आहे. एकाच बाजूनं दिसत असेल तर ती पाळत आहे.

नकाशा आपण काढायचा

शेवटचा मुद्दा. सुरक्षिततेची अ‍ॅप्स आली की सरकारला आणि समाजाला एक सोयीचं उत्तर मिळतं: "अ‍ॅप होतं ना तिच्याकडे?" रस्त्यावर दिवा नाही, शेवटची एसटी रद्द, संडासाला कुलूप, आणि जबाबदारी मात्र बाईच्या पर्समधल्या फोनची! हे आपण चालू द्यायचं नाही.

त्यासाठी अ‍ॅप आपल्या बाजूनं कसं वापरायचं, याचं चांगलं उदाहरण आहे. १९८९ साली कॅनडात टोरांटोच्या एका स्त्री संघटनेनं सुरक्षितता-पाहणीची पद्धत बसवली. बायकांनी गटानं रस्त्यावरून चालायचं आणि कुठे अंधार, कुठे आडोसा, कुठे भीती वाटते ते कागदावर लिहायचं. दिल्लीत जागोरी संस्थेनं ती पद्धत आणली. पुढे २०१३ साली त्याच विचारातून 'सेफ्टीपिन' हे अ‍ॅप निघालं. दिवे, रस्ता, गाड्यांची सोय, आसपास माणसं आहेत का, त्यात बायका किती, आणि आपल्याला कसं वाटतं, अशा नऊ गोष्टींवरून जागेची पाहणी त्यात नोंदवतात. म्हणजे हे अ‍ॅप जन्मलं आपल्या चळवळीच्या कागदी तक्त्यातून. मुंबईतही २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेनं हेच केलं. संडास-मुताऱ्या मोजल्या, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे कसे पडतात ते दाखवलं आणि महापालिकेला जाब विचारला.

प्रवासात बाईचा सर्वांत मोठा प्रश्न रानातल्या जनावरांचा नसतो, लघवीला कुठे जायचं हा असतो. म्हणून आपण सकाळपासून पाणी पीत नाही. तंबूच्या ठिकाणी आम्ही आता आधी तोच प्रश्न विचारतो: बायकांचा संडास वेगळा आहे का, आत कडी आहे का, रात्री दिवा आहे का, वापरलेले पॅड टाकायला डबा आहे का. उत्तर नीट नसेल तर तिथे जात नाही, आणि का जात नाही तेही सांगतो. राज्य सरकारनं २०२३ साली 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा धंदा करू पाहणाऱ्या स्त्रीच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाची परतफेड त्यात आहे. आपल्या बचत गटांतल्या बायकांनी याचा लाभ घेऊन मुक्कामाच्या जागा काढाव्यात. बायकांनी चालवलेल्या जागेत दाराला कडी असते, हा आमचा अनुभव आहे.

आणि म्हणून तुमच्याकडे एक काम मागते. मघाशी म्हटलं की प्रवाशांच्या अ‍ॅपमध्ये आपल्या भागाची माहिती विरळ आहे. ओपनस्ट्रीटमॅप कुणीही भरू शकतं. ऑर्गॅनिक मॅप्समधूनही एखादी जागा सुटली असेल तर ती टाकता येते. ठाकूरद्वारपासून चर्नी रोडपर्यंत आणि नव्या गिरगाव मेट्रो स्टेशनच्या आसपास बायकांना वापरता येणारे संडास कुठे आहेत, किती वाजेपर्यंत उघडे असतात, हे प्रत्येक गटानं एका रविवारी फिरून भरायचं. मग कसारा, घोटी, नाशिक रस्ता, कोकणाची वाट. नकाशा आजवर इतरांनी काढला, म्हणून त्यात दारूची दुकानं सापडतात आणि मुताऱ्या सापडत नाहीत. भरलेल्या नकाशाची छापील प्रत घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं. अ‍ॅपमधला ठिपका म्हणजे आपल्या निवेदनातला पुरावा.

मावशींचं काय झालं, ते सांगून थांबते. यंदा त्या पुन्हा आल्या. निघायच्या आधी स्वतःच्या हातानं कागद लिहिला आणि देवघराशेजारी चिकटवला. मुलाला बसवून समजावलं, की रेंज गेली म्हणजे आई गेली असं नव्हे. खातं आता त्यांचं स्वतःचं आहे. पासवर्ड मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. घोटीला पोचल्यावर मुलाला एक तासाचा ठिपका पाठवला, 'पोचले' असं लिहिलं आणि फोन विमान-मोडवर टाकून पिशवीत ठेवून दिला. रात्री आम्ही झाडाखाली बसलो होतो. कुणीतरी फोटो काढायला फोन पुढे केला, तर मावशी म्हणाल्या, "ठेव गं तो आत. उजेडानं काजवे दिसत नाहीत."

पुढच्या फेरीची नावं दाराशी लिहून घेत आहोत. ज्यांना घरी विचारावं लागणार आहे त्यांनीही नाव लिहा. विचारायला आम्ही सोबत येऊ.